ब्लॅक्सप्लॉइटेशन: पडद्यावर कोण आणि गल्ल्यावर कोण

आजचा आपला विषय आहे अमेरिकेतले 'ब्लॅक्सप्लॉइटेशन' चित्रपट. साधारण १९७० ते १९७६ या काळात असे डझनावारी चित्रपट निघाले. त्यांत नायक काळा असे, समोर बसलेला प्रेक्षक बहुतेक काळा असे आणि शेवटी जिंकतही काळाच. हॉलिवूडच्या पडद्यावर तोवर हे जवळपास घडलेलंच नव्हतं. तरीही या चित्रपटांना नाव पडलं ते शिवीसारखं, आणि ते पाडलं एका काळ्या माणसानंच. असं का झालं, हे आज आपण बघणार आहोत.

आधी एक खुलासा. आम्ही 'काळा' हा शब्द मुद्दाम वापरतो आहोत. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या तरुणांनी 'नीग्रो' हा शब्द टाकला आणि 'ब्लॅक' हा शब्द ताठ मानेनं उचलला. त्या शब्दातला अभिमान 'कृष्णवर्णीय' म्हटलं की सोवळा होतो. म्हणून काळा.

शब्दाची गोष्ट

अमेरिकेच्या सिनेमाधंद्यात 'एक्सप्लॉइटेशन' हा शब्द फार जुना. धंद्यातला त्याचा मूळ अर्थ शोषण नव्हे, तर जाहिरातबाजी. खेळ चालावा म्हणून थिएटरवाल्यानं करायची सगळी खटपट, म्हणजे पोस्टर, मिरवणुका, स्पर्धा, जे सुचेल ते. पुढे ज्यांत मोठे तारे नाहीत, फारसा पैसा नाही, पण जाहिरातीत खपेल असा एखादा चमचमीत विषय आहे, अशा स्वस्त चित्रपटांनाच 'एक्सप्लॉइटेशन' म्हणू लागले. मोटरसायकलवाल्या टोळ्या, ड्रग्ज, भुताखेतांचे चित्रपट, हे सगळे त्यातच.

१९७२ साली ज्युनिअस ग्रिफिन यांनी या शब्दाला 'ब्लॅक' जोडला. ग्रिफिन हे पत्रकारितेतून आणि प्रसिद्धीच्या कामातून आलेले, आणि तेव्हा एनएएसीपी या नागरी हक्कांच्या जुन्या संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख. धंद्यातला जाहिरातीचा अर्थ त्यांना ठाऊक होता. पण त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्या, सरळ अर्थावर. आता मराठीत शोषण म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोण कोणाचं करतंय? हाच प्रश्न धरून आपण पुढे जाऊ. पडद्यावर कोण दिसतंय हे बघूच, पण गल्ल्यावर कोण बसलंय हेही बघू.

पाहुणा म्हणून आलेला नायक

१९७० च्या आधी हॉलिवूडमध्ये काळा नायक नव्हता असं नाही. सिडनी पॉयटिए होते. १९६४ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. १९६७ मध्ये त्यांचा 'गेस हूज कमिंग टू डिनर' आला. त्यात गोरी मुलगी एका काळ्या तरुणाला घरी घेऊन येते, लग्न करायचं म्हणते आणि तिच्या उदारमतवादी आईबापांची परीक्षा होते. हा तरुण कसा? नामांकित डॉक्टर, देखणा, सभ्य, बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. दोष काढायला जागाच ठेवलेली नाही. म्हणजे गोऱ्या घरात जेवायला बसायचं असेल तर काळ्या माणसानं देवमाणूसच असायला हवं.

पॉयटिए मोठे नट होते आणि त्यांच्यावर केवढं ओझं होतं हे आपण विसरू नये. पण बाहेर काळ बदलत होता. १९६४ आणि १९६५ मध्ये नागरी हक्कांचे आणि मतदानाच्या हक्काचे कायदे झाले. त्याच १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसचा वॉट्स हा भाग पेटला. १९६६ मध्ये ओकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ज्या तरुणानं हे सगळं पाहिलं, त्याला पडद्यावरचा हा शहाणासुरता पाहुणा आपला वाटेना.

पँथर हे नाव मराठी कानाला नवं नाही. मुंबईत १९७२ मध्ये 'दलित पँथर' उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांनी हे नाव या अमेरिकन पक्षावरूनच घेतलं होतं. आपण आज ज्या चित्रपटांबद्दल बोलतोय, त्यांचा ऐन भराचा काळही हाच.

रिकामी थिएटरं आणि एक हिशेब

आता धंद्याकडे वळू. युद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं मोठ्या शहरांतून उपनगरांत राहायला गेली. टीव्ही घराघरात पोचला. शहराच्या मध्यभागी जुनी, प्रचंड, हजारो खुर्च्यांची थिएटरं तशीच राहिली, आणि त्यांच्या आसपास राहणारी वस्ती आता काळी होती. १९७० च्या जनगणनेत काळ्यांचं देशातलं प्रमाण सुमारे ११ टक्के होतं. पण मोठ्या शहरांतल्या या थिएटरांत तिकीट काढणाऱ्यांमध्ये त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा होता.

त्याच वेळी हॉलिवूडचे स्टुडिओ कर्जात बुडाले होते. एमजीएमसारख्या कंपनीनं १९७० मध्ये आपल्या गोदामातलं जुनं सामान आणि कपडेपट लिलावात काढला. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधले ते प्रसिद्ध लाल बूटसुद्धा विकले. दारात प्रेक्षक उभा आहे आणि त्याला दाखवायला आपल्याकडे काही नाही, अशी ती परिस्थिती. चुणूक मिळाली ती १९७० मध्येच. ऑसी डेव्हिस यांनी दिग्दर्शित केलेला 'कॉटन कम्स टू हार्लेम' चांगला चालला. पण खरा धक्का बसला तो पुढच्या वर्षी.

दोन थिएटरांत लागलेला चित्रपट

मेल्विन व्हॅन पीबल्स हा विलक्षण माणूस. सॅन फ्रान्सिस्कोत केबल कार चालवली, मग फ्रान्समध्ये गेले, फ्रेंच शिकून त्या भाषेत कादंबऱ्या लिहिल्या आणि तिथंच पहिला मोठा चित्रपट केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात तो फ्रान्सचा चित्रपट म्हणून दाखल झाला. दिग्दर्शक अमेरिकन आणि तोही काळा, हे बघून यजमान चकित झाले. मग कोलंबिया स्टुडिओसाठी त्यांनी 'वॉटरमेलन मॅन' केला. पुढच्या चित्रपटांचा करारही समोर होता. पण त्यांच्या डोक्यात होती एका काळ्या माणसाची गोष्ट. दोन पोलीस एका काळ्या तरुणाला मारहाण करतात, हा माणूस त्यांच्यावर उलटतो, पळतो आणि शेवटपर्यंत हाती लागत नाही. असल्या गोष्टीला कुठला स्टुडिओ पैसे देणार?

मग त्यांनी स्वतःचे पैसे घातले. कमी पडले तेव्हा बिल कॉस्बी यांनी ५० हजार डॉलर उसने दिले. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं एकट्यानं. चित्रीकरण १९ दिवसांत उरकलं. युनियनच्या नियमांत अडकू नये म्हणून आपण अश्लील चित्रपट काढतोय अशी हूल उठवून दिली. संगीत वाजवलं 'अर्थ, विंड अँड फायर' या तेव्हा नव्या असलेल्या बँडनं. जाहिरातीला पैसा नव्हता म्हणून गाण्यांची तबकडी चित्रपटाच्या आधी बाजारात आणली. गाणी लोकांच्या तोंडी बसली की चित्रपटाची जाहिरात आपोआप होईल, हा विचार.

'स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग' मार्च १९७१ च्या अखेरीस लागला, तो देशभरात फक्त दोन थिएटरांत. एक डेट्रॉइटचं, एक अटलांटाचं. प्रौढांसाठीचा 'एक्स' दर्जा मिळाला, तेव्हा व्हॅन पीबल्स यांनी तो जाहिरातीतच मिरवला. सगळ्या गोऱ्या पंचांनी मिळून हा शिक्का मारलाय, असं पोस्टरवर छापलं. रांगा लागल्या. त्या वर्षी सर्वांत जास्त पैसा मिळवणाऱ्या स्वतंत्र चित्रपटांत त्याची गणना झाली.

आणि लगेच वादही पेटला. ह्युई न्यूटन यांनी पँथरच्या साप्ताहिकाचा एक अंकच या चित्रपटाला वाहिला. हा खरा क्रांतिकारी चित्रपट, असं त्यांचं म्हणणं. उलट 'एबनी' मासिकात इतिहासकार लेरोन बेनेट यांनी त्याला झोडपलं. गरिबीचं कौतुक करून आणि शय्येवरचे पराक्रम दाखवून कोणाची मुक्ती होत नाही, असा त्यांचा मुद्दा. दोघंही काळेच, दोघंही चळवळीला जवळचे. चित्रपटात स्त्रियांचं चित्रण फार वाईट आहे आणि एका अल्पवयीन मुलाचं दृश्य तर आज बघवत नाही. बेनेट यांचं म्हणणं त्यामुळे सहज झटकून टाकता येत नाही. पण पैशाच्या बाजूनं बघा. पडद्यावर काळा आणि गल्ल्याशीही काळा, असं इथं घडलं होतं.

शाफ्ट: तोच प्रेक्षक, दुसरा मालक

त्याच १९७१ च्या उन्हाळ्यात एमजीएमचा 'शाफ्ट' आला. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स. 'लाइफ' मासिकाचे नावाजलेले छायाचित्रकार आणि १९६९ मध्ये 'द लर्निंग ट्री' करून मोठ्या हॉलिवूड स्टुडिओसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारे पहिले काळे दिग्दर्शक. कथा अर्नेस्ट टायडीमन या गोऱ्या लेखकाच्या कादंबरीवरची. रिचर्ड राउंडट्री यांनी रंगवलेला खाजगी गुप्तहेर जॉन शाफ्ट चामड्याचा लांब कोट घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून असा चालत येतो की गाड्यांनी थांबावं. कोणाची परवानगी मागत नाही, कोणाला आपलं चारित्र्य सिद्ध करून दाखवत नाही. पॉयटिए यांच्या डॉक्टरच्या शेजारी हा माणूस उभा करा, म्हणजे चार वर्षांत काय बदललं ते कळेल.

आयझॅक हेज यांच्या संगीतानं तर पुढच्या दशकाचा कान घडवला. गिटारचा तो वा-वा आवाज, हाय-हॅटची टिकटिक, मागून चढत येणारी व्हायोलिनं. शीर्षकगीताला १९७२ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि गाण्याच्या विभागात ते मिळवणारे हेज पहिले काळे कलावंत ठरले.

चित्रपटानं खर्चाच्या कित्येक पट कमावलं. अडचणीतल्या एमजीएमला मोठा हात मिळाला. इथं धंद्याला जो धडा मिळाला तो सरळ होता. या प्रेक्षकाला कमी खर्चात चित्रपट देता येतो आणि त्यासाठी मालकी काळ्या माणसाकडे असायची गरज नाही. मग लाटच आली. 'ब्लॅक सीझर'चे लॅरी कोहेन, 'कॉफी'चे जॅक हिल, 'क्लिओपात्रा जोन्स'चे जॅक स्टॅरेट, हे सगळे दिग्दर्शक गोरे. पैसा स्टुडिओंचा किंवा अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससारख्या स्वस्त चित्रपटांत मुरलेल्या कंपन्यांचा.

सुपर फ्लाय आणि गाण्यातला विरोध

१९७२ च्या ऑगस्टमध्ये 'सुपर फ्लाय' आला आणि भांडण टोकाला गेलं. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स ज्युनिअर, म्हणजे 'शाफ्ट'वाल्या पार्क्स यांचे चिरंजीव. नायक प्रीस्ट हा कोकेन विकणारा. त्याला एक शेवटचा मोठा सौदा करून या धंद्यातून बाहेर पडायचंय. वरच्या टोकाला बसलेला गोरा पोलीस अधिकारीच खरा सूत्रधार, आणि प्रीस्ट त्याला मात देऊन निघून जातो. त्याची गाडी, त्याचे कोट, त्याचे केस, सगळ्याची नक्कल गल्लोगल्ली सुरू झाली. ज्या वस्त्यांत हेरॉइननं घरं उद्ध्वस्त होत होती, तिथं ड्रग विकणारा नायक! ग्रिफिन यांचा शब्द याच वादात जन्मला. एनएएसीपी आणि आणखी दोन मोठ्या संघटनांनी मिळून ब्लॅक्सप्लॉइटेशनविरोधी आघाडीही उभी केली.

पण हा चित्रपट नुसता बघून चालत नाही, ऐकावाही लागतो. संगीत कर्टिस मेफिल्ड यांचं. पडद्यावर नायकाची ऐट चाललेली असते आणि गाणं त्याच धंद्याकडे वाकड्या नजरेनं बघत असतं. 'फ्रेडीज डेड' हे गाणं त्या धंद्यात फुकट मेलेल्या एका दुबळ्या माणसाबद्दल आहे. गंमत अशी की चित्रपटात या गाण्याची फक्त धून वाजते, शब्द तबकडीवरच ऐकायला मिळतात. म्हणजे चित्रपटावरची सर्वांत कडक टीका त्याच्याच ध्वनिमुद्रिकेत होती. ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. आणि ती निघाली मेफिल्ड यांच्या स्वतःच्या 'कर्टम' या कंपनीतून. ज्याचा गल्ला स्वतःचा, त्याला वेगळं बोलता आलं, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

चौकटीत राहून काढलेल्या वाटा

सगळेच चित्रपट एका साच्यातले होते असं मात्र नाही. पॅम ग्रिअर यांचा 'कॉफी' १९७३ चा. त्या आधी मारधाडीच्या चित्रपटात काळी स्त्री केंद्रस्थानी अशी फारशी नव्हतीच. कॉफी ही नर्स, धाकट्या बहिणीला ड्रगच्या नादी लावणाऱ्यांचा सूड घेणारी. कॅमेरा तिच्या शरीरावर नको तितका रेंगाळतो, हे खरं. पण ती कोणाची वाट बघत बसत नाही, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

'ब्लॅक्युला' हे नावच ऐकून हसू येतं. काळा ड्रॅक्युला! पण त्यातले विल्यम मार्शल हे शेक्सपिअरची नाटकं गाजवलेले नट. त्यांनी आग्रह धरून भूमिकेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यामुळे हा नायक झाला मामुवाल्डे नावाचा आफ्रिकी राजपुत्र. गुलामांचा व्यापार थांबवायला मदत करा, असं सांगायला तो ड्रॅक्युलाकडे जातो. ड्रॅक्युला त्याला चावतो आणि आपलं नाव लादून शवपेटीत कोंडतो. ज्याचं खरं नाव काढून घेतलं, तो शेकडो वर्षांनी अमेरिकेत जागा होतो. स्वस्त भयपटाच्या पोटात एवढा इतिहास एका नटानं शिरवला.

आणि एक उदाहरण, मर्यादा कुठं होती ते दाखवणारं. 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर', १९७३, दिग्दर्शक आयव्हन डिक्सन, कादंबरी सॅम ग्रीनली यांची. सीआयएमध्ये देखाव्यापुरता भरती केलेला एक काळा माणूस तिथलं सगळं प्रशिक्षण घेतो, राजीनामा देतो, शिकागोत परततो आणि वस्तीतल्या पोरांना तेच शिकवून सशस्त्र उठाव उभा करतो. वितरक युनायटेड आर्टिस्ट्स. चित्रपट थोड्याच आठवड्यांत थिएटरांतून गायब झाला आणि पुढे कित्येक वर्षं नीट बघायलाच मिळाला नाही. एकटा नायक चार गुंड मारतो तोवर ठीक, पण तो संघटना बांधायला लागला की चित्रपट उतरतो! २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याला जागा मिळाली.

लाट ओसरली तेव्हा

१९७५-७६ पर्यंत हे सगळं आटोपलं. कारणं अनेक. त्याच त्या कथांचा कंटाळा आला. चळवळीतून टीका चालूच होती. पण सर्वांत मोठं कारण पुन्हा हिशेबाचंच. 'द गॉडफादर' आणि 'द एक्झॉर्सिस्ट' बघायला काळा प्रेक्षकही मोठ्या संख्येनं येतो, हे स्टुडिओंना कळलं. १९७५ मध्ये 'जॉज' एकदम शेकडो थिएटरांत लागला आणि एकच मोठा चित्रपट सगळ्यांना विकायचा रस्ता सापडला. मग काळ्या प्रेक्षकासाठी वेगळा चित्रपट कशाला?

आणि इथं ग्रिफिन यांच्या शब्दाचा खरा अर्थ उघडा पडतो. नट म्हणत होते की तुमच्या टीकेनं आमचं काम जाईल. ग्रिफिन म्हणत होते की या कामानं आमच्या मुलांचं नुकसान होतंय. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. पण लाट ओसरली तेव्हा बंद काय पडलं? नट-नट्यांची, स्टंट करणाऱ्यांची, नुकतंच काम शिकलेल्या तंत्रज्ञांची कामं. मागे काळ्या मालकीचा एखादा मोठा स्टुडिओ उरला नाही की वितरणाची साखळी उरली नाही. पैसा वस्तीतून आला आणि वस्तीबाहेर गेला. शोषण म्हणायचं तर ते हे. पडद्यावरच्या ड्रग विक्रेत्यापेक्षा आम्हाला हे जास्त गंभीर वाटतं.

पुढच्या पिढ्यांनी काय घेतलं

प्रभाव मात्र संपला नाही. 'शाफ्ट'मुळे उघडलेल्या बाजाराच्या मागे जेम्स बाँडसुद्धा १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये हार्लेमला पोचला. हिप-हॉपवाल्यांनी या चित्रपटांचं संगीत तुकड्या-तुकड्यानं उचललं. आइस-टी यांनी १९८८ मध्ये मेफिल्ड यांचं 'पुशरमन' घेतलं आणि ड्रगऐवजी संगीत विकणारा गाण्यात उभा केला. म्हणजे मेफिल्ड यांचा रोख त्यांनी बरोबर ओळखला. त्याच १९८८ मध्ये कीनन आयव्हरी वेयन्स यांनी या साऱ्या प्रकाराचं प्रेमळ विडंबन केलं. १९९७ मध्ये क्वेंटिन टॅरँटिनो यांनी 'जॅकी ब्राउन'साठी पॅम ग्रिअर यांना बोलावलं आणि या वेळी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर स्थिरावला. व्हॅन पीबल्स यांचे चिरंजीव मारिओ यांनी वडिलांच्या त्या वेड्या धाडसावर स्वतंत्र चित्रपट काढला. वडील मात्र ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात व्यवहार करत होते. गल्ल्याचं गणित त्यांना आधीपासूनच आवडायचं!

हा मालकीचा प्रश्न अगदी आजचा आहे. २०२५ मध्ये रायन कूगलर यांचा 'सिनर्स' आला. कूगलर हे पँथर पक्षाच्या जन्मगावचे, ओकलंडचे. चित्रपट वॉर्नर ब्रदर्सचा, ज्यांनी 'सुपर फ्लाय' वितरित केला होता तेच. पण करारात कूगलर यांनी एक अट घातली, की २५ वर्षांनी चित्रपटाचे हक्क आपल्याकडे परत यावेत. हॉलिवूडमध्ये त्यावर केवढी चर्चा झाली! पडद्यावर काळे चेहरे आल्यानं कोणी दचकलं नाही, दचकले ते या अटीनं.

जाता जाता, हे चित्रपट बघायचे असतील तर आम्ही असा क्रम सुचवू. आधी 'शाफ्ट', मग 'सुपर फ्लाय' आणि त्याची ध्वनिमुद्रिका वेगळी, नंतर 'कॉफी', मग 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर' आणि शेवटी 'स्वीटबॅक'. हिंसा आणि स्त्रियांचं चित्रण यांबाबत मन तयार ठेवा, मुलांसोबत बघू नका. आणि दर वेळी श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. नायक कोण हे तुम्हाला कळलेलंच असतं. निर्माता कोण आणि वितरक कोण, ही दोन नावं वाचायची राहतात, ती वाचा.